भाड्याने दिलेल्या घराची खतावणी

दिवाळीतील वहीपूजनाच्या आधी पेढीवर हिशोब मिळवले जातात. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, गोदामात कोणता माल पडून आहे, कोणत्या मालात नफा झाला आणि कोणत्या मालात नुसतीच दगदग झाली, याचा निकाल त्या चार दिवसांत लागतो. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी रात्री उशिरापर्यंत किर्द उलटून पाहिली जाते. परंतु त्याच कुटुंबाने साठ लाख रुपये घालून शहरात घेतलेल्या सदनिकेचे पान त्या खतावणीत बहुधा सापडत नाही. तिचे भाडे घरखर्चात मिसळते, हप्ता पेढीच्या खात्यातून जातो, देखभालीचे पैसे ज्याच्या हाताशी असतील तो भरतो. वर्षाअखेर ‘घराचा भाव वाढला असेल’ एवढ्या समाधानावर विषय संपतो.

व्यापारी कुटुंबांचा घरावरील विश्वास जुना आहे आणि तो निराधार नाही. मालाचा भाव उतरतो, उधारी बुडते, भागीदार वेगळा होतो. चार भिंती मात्र जागच्या जागी राहतात. तथापि, भिंती टिकून राहणे आणि त्यांत घातलेल्या पैशाने कमाई करणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीचा निर्णय विश्वासाने होत नाही, हिशोबाने होतो.

हा हिशोब समजून घेण्यासाठी एक कुटुंब नजरेसमोर आणावे. कुटुंब कल्पित आहे. पण त्यातील व्यवहार बाजारपेठेत घरोघरी दिसणारा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दोन भावांची हार्डवेअरची पेढी आहे, भागीदारी निम्मी निम्मी. थोरल्या भावाने पुण्याजवळ वाघोली परिसरात दोन शयनगृहांची तयार सदनिका ६० लाखांना घेतली. ४० लाखांचे गृहकर्ज काढले, उरलेली रक्कम पेढीतून उचलली. ‘घर काही खायला मागत नाही,’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. तीन वर्षांनी दुसरी सदनिका घेण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांच्या वाणिज्य पदवीधर सुनेने पहिल्या सदनिकेचे पान प्रथमच लिहून काढले. त्या पानावर जे दिसले, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

किंमत ६० लाख, खर्च ६७ लाख

खतावणीच्या पहिल्या ओळीतच फरक पडला. घराची किंमत ६० लाख. पण पुणे महापालिका हद्दीतील ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्काचे ३० हजार, आणि दलाली, वकिलाची फी, स्वयंपाकघरातील कपाटे, पंखे, रंगकाम मिळून आणखी अडीच लाख. एकूण ६७ लाख. घर बांधकामाधीन असते तर सर्वसाधारण सदनिकेवरील ५ टक्के वस्तू व सेवा कराचे ३ लाख वेगळे लागले असते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो कर नाही.

कर्ज किती मिळते याचीही मर्यादा असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरला जात नाही. तो स्वतःच्याच खिशातून येतो. ‘बँक ८० टक्के देते’ असे ऐकून जो व्यवहाराला उभा राहतो, त्याला प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास रोकड जमवावी लागते. या कुटुंबाने २७ लाख रुपये पेढीतून काढले.

भाडे आणि हप्ता

सदनिकेला महिना २० हजार भाडे मिळते. भाडेकरू बदलताना सरासरी वर्षाचा एक महिना घर रिकामे राहते, म्हणून वर्षाचे भाडे २ लाख २० हजार धरावे. त्यातून सोसायटीची देखभाल ३६ हजार, मिळकत कर १४ हजार, आणि किरकोळ दुरुस्ती, दलाली व करारनोंदणी मिळून २० हजार वजा जातात. हाती राहतात दीड लाख. ६७ लाखांवर हे उत्पन्न सव्वादोन टक्के भरते.

दुसऱ्या बाजूला ४० लाखांचे कर्ज, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता ३४,७१३ रुपये; वर्षाचे सुमारे ४ लाख १७ हजार. म्हणजे दरवर्षी २ लाख ६७ हजार रुपये, महिन्याला बावीस हजारांहून थोडे अधिक, पेढीने सदनिकेला पुरवले. पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांपैकी ३ लाख ३७ हजार निव्वळ व्याज होते. दर कायम राहिला असे धरले तर तीन वर्षांत साडेबारा लाख रुपये भरून मुद्दल फक्त २ लाख ६१ हजारांनी उतरले. हा बँकेचा अन्याय नव्हे. समान हप्त्याच्या पद्धतीत व्याज आरंभी जड आणि मुद्दल शेवटी जड असतेच. पण ही गोष्ट कर्ज घेतानाच माहीत असली पाहिजे.

आता बरोबरीची रेषा कोठे आहे, ते पाहावे. पहिल्या वर्षाचे व्याज ३ लाख ३७ हजार. स्वतःचे २७ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिले असते तर मिळाले असते १ लाख ८९ हजार. तेही घराच्या खर्चातच लिहावे. दोन्हींची बेरीज ५ लाख २६ हजार. त्यातून भाड्याचे दीड लाख वजा जाता उरतात ३ लाख ७६ हजार. ६० लाखांच्या घराचा भाव वर्षाला सुमारे सव्वासहा टक्के वाढला, तर केवळ ही भरपाई होते. मुद्रांक आणि इतर खर्चाचे ७ लाख तरीही वसूल व्हायचे राहतात. त्याहून अधिक वाढ झाली तरच ती कमाई. २०१६ च्या नोटाबंदीनंतरची काही वर्षे पुणे-मुंबईच्या अनेक उपनगरांत भाव जवळपास जागीच होते, हे ज्यांनी त्या काळात घर विकण्याचा प्रयत्न केला त्यांना चांगले स्मरत असेल.

यावरून घर घेऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. कर्ज कमी असेल, भाडे किमतीच्या मानाने चांगले असेल, पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी असेल, तर घर हे उत्तम स्थिर धन आहे. निष्कर्ष एवढाच की सौदा करण्यापूर्वी हे पान लिहिले पाहिजे. तीन वर्षांनी नव्हे.

फिरता पैसा आणि बसता पैसा

मुदत ठेवीचा ७ टक्के दर हा झाला कागदी हिशोब. व्यापाऱ्याच्या २७ लाखांचे खरे मोल त्याच्या पेढीवर ठरते. हा पैसा फिरता होता. वाघोलीत जाऊन तो बसला. त्यानंतर जे घडले ते दोघा भावांना जाणवत होते, पण त्याचा संबंध सदनिकेशी कोणी जोडला नव्हता. पूर्वी कारखानदाराला दहा दिवसांत रक्कम देऊन मिळणारी दोन टक्क्यांची रोख सूट बंद झाली. पावसाळ्यापूर्वी भरायचा माल निम्माच भरला गेला. कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा पूर्वी दिवाळीपुरती वापरली जाई, ती वर्षभर काठोकाठ राहू लागली.

त्यातच आयकराची एक तरतूद आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत आणि वर्षाअखेर देणे तसेच राहिले, तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. खिळे, बिजागऱ्या, कड्या बनवणारे बहुतेक पुरवठादार लघुउद्योजकच असतात. तेव्हा रोकड अडकली की नुसती सूट जात नाही, करही वाढतो.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. कॅश क्रेडिटची मर्यादा बँक मालासाठी आणि येणे रकमांसाठी मंजूर करते. तिच्यातून घराची रक्कम काढणे म्हणजे कर्जाचा हेतू बदलणे होय. मालाच्या विवरणपत्राशी खाते जुळेनासे झाले की मर्यादा कमी होते, आणि तीही नेमकी हंगामात. घरासाठी घरच्याच कर्जाचा विचार करावा. पेढी गहाण टाकून भाड्याचे घर घेऊ नये. आणि घर घेतल्यावर किमान सहा हप्त्यांची रक्कम, या उदाहरणात सुमारे २ लाख ८ हजार, स्वतंत्र ठेवीत ठेवावी. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचा तेवढ्या रकमेचा मुदतीचा आयुर्विमाही असावा. त्याच्या पश्चात पेढीने हप्ते भरत राहावे, असा प्रसंग विधवा आणि धाकट्या भावावर येऊ नये.

कागद आणि रोकड

घराच्या चकचकीत फरशीपेक्षा त्याचे कागद आधी पाहावेत. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तपासावे. पुनर्विक्रीचे घर असेल तर मूळ करार, इंडेक्स टू, सोसायटीचा भागदाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, हे विचारायला बहुतेक जण विसरतात. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली की याच कागदावाचून सर्व अडते.

घर बांधकामाधीन असेल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पाहून संकेतस्थळावरील माहिती वाचावी. २०१६ च्या कायद्यानुसार विकासकाला नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ‘आज बुकिंगला ३० टक्के भरा, करार दिवाळीनंतर करू’ असे सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

राहिला प्रश्न रोख रकमेचा. जुन्या पिढीत घराच्या किमतीचा काही भाग वरून देण्याची रीत होती. आज तिच्यात शहाणपण उरलेले नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कमी लिहिलेल्या किमतीवर कर्जही कमी मिळते, आणि पुढे विकताना तोच न लिहिलेला आकडा नफा म्हणून करपात्र ठरतो. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यापेक्षा बरीच कमी किंमत दाखवली तर घेणारा आणि देणारा दोघांवरही कर येऊ शकतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरायचा असतो. या कुटुंबाच्या बाबतीत ६० हजार. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळा आणि कपात बरीच मोठी असते. तेथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय विसार देऊ नये.

घर कोणाचे?

पान लिहिता लिहिता सून ज्या ओळीवर थांबली, ती ही होती. पेढीतून २७ लाख काढले, ते दोघा भावांच्या सामाईक भांडवलातून. त्यानंतर तीन वर्षांत पेढीने पुरवलेले सुमारे ८ लाखही सामाईकच. परंतु करारनामा एकट्या थोरल्याच्या नावे. धाकटा भाऊ मनाशी समजत होता की निम्मे घर आपले. थोरल्याची पत्नी समजत होती की घर आपल्या मुलाचे. कोणी खोटे बोलत नव्हते. कोणी काही बोललेच नव्हते.

एकत्र कुटुंबातील वाटणीचे कलह बहुधा लोभातून नव्हे, अशा न लिहिलेल्या समजुतींतून जन्मतात. शिवाय येथे कायद्याचाही प्रश्न आहे. बेनामी व्यवहार कायद्यात पत्नी किंवा मुलांच्या नावे, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मिळकतीला अपवाद आहे. भावाच्या बाबतीत मात्र तो अपवाद दोघांची नावे दस्तात संयुक्त मालक म्हणून असतील तरच लागू होतो. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीचे नियम वेगळे, आणि त्यात २००५ पासून मुलींचाही जन्मसिद्ध समान हक्क आहे. पत्नीच्या नावे आपल्या पैशाने घर घेतले तर भाड्याचे उत्पन्न करासाठी पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते.

यावर रीत सोपी आहे. पेढीतून घरासाठी काढलेली प्रत्येक रक्कम ज्या भागीदारासाठी काढली, त्याच्या भांडवल खात्यात नावे टाकावी. दोघांचे घर असेल तर दस्तात दोघांची नावे, कर्जातही दोघे सहकर्जदार. सोसायटीत नामनिर्देशन करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मिळकत सांभाळते, मालक होतेच असे नाही. त्यासाठी मृत्युपत्र हवे.

भाडेकरू आणि करार

जुन्या वाड्यांतील नाममात्र भाडी आणि न सुटणाऱ्या खोल्या पाहिलेल्या पिढीला भाडेकरूची धास्ती वाटते. त्या भीतीला इतिहास आहे. आज सदनिका ज्या पद्धतीने दिली जाते तो लीव्ह अँड लायसन्सचा करार निराळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी न केल्यास मालकाला शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. उलट नोंदणीकृत करार असेल तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि दुप्पट दराने भरपाईही मागता येते. खर्च किरकोळ आहे: मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये, आणि सारे काम घरबसल्या ऑनलाइन.

अनामत रक्कम, भाड्याची तारीख, वार्षिक वाढ, रंगकाम आणि दुरुस्ती कोणी करायची, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे सर्व करारात लिहावे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. अनामत रक्कम घरखर्चात वापरू नये. ते येणे नव्हे, देणे आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. आणि घराची किल्ली, कागद व भाड्याचे बँक खाते सांभाळणारी व्यक्ती कुटुंबात एकच असावी. ‘सगळे पाहतात’ याचा अर्थ बहुतेक वेळा कोणीच पाहत नाही असा होतो.

कराची वजाबाकी

भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा जाता उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सूट दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट मिळते. त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. या सदनिकेचा असा हिशोब केला तर कागदावर सुमारे १ लाख ९३ हजारांचा तोटा निघतो. जुन्या कर पद्धतीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत ही सवलत नाही. म्हणून ‘कर वाचतो’ या एका कारणासाठी कर्जाने घर घेण्यात आता पूर्वीचा अर्थ राहिलेला नाही.

विकताना २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, महागाईची वजावट न देता. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे. दोन्ही मांडून पाहावेत. त्यासाठी जुने करार आणि सुधारणांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

पानाचा शेवट

तर त्या कुटुंबाने काय केले? पान वाचून झाल्यावर थोरले भाऊ सवयीने म्हणाले, ‘पण घर काही खायला मागत नाही.’ सून म्हणाली, ‘बाबा, दर महिन्याला बावीस हजार खाते आहे.’ धाकटा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दादा, घर तुमचेच राहू द्या. फक्त वहीत लिहा.’

तसे लिहिले गेले. २७ लाख आणि नंतर पुरवलेले ८ लाख, मिळून ३५ लाख, थोरल्यांच्या भांडवल खात्यात नावे पडले. धाकट्याचे भांडवल अबाधित राहिले. हप्त्यासाठी भाडे अपुरे पडेल ते यापुढे थोरल्यांनी आपल्या उचलीतून भरायचे ठरले. दुसऱ्या सदनिकेचा विचार सोडून त्यांनी मुदत ठेवीतील ५ लाख रुपये कर्जात भरले. व्यक्तीच्या नावावरील चलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल दंड लागत नाही; हप्ता तेवढाच ठेवल्याने शिल्लक २०४ हप्त्यांतील सुमारे ५० हप्ते कमी झाले.

सदनिका आजही त्यांच्याकडे आहे, भाडेकरूही चांगला आहे. बदल एवढाच की पुढच्या दिवाळीत पेढीच्या खतावणीशेजारी पुजेला आणखी एक पातळशी वही ठेवली गेली. तिच्या पहिल्या पानावर डावीकडे सदनिकेचा क्रमांक होता, आणि उजवीकडे मालकाचे नाव.